कमी शिकलेलं माणूस पाहिजे

आमचं शेवटचं भांडण मेथीवरून झालं. भांडण म्हणजे रोजचंच. जानेवारीची थंडी, दार लावून घेतलेलं. मी खाली पेपर पसरून मेथी निवडत होतो आणि बायको खाटेवर, मांडीवर पाट घेऊन लिहायला बसली होती. आमच्या दोघांत जवळचं दिसायचा चष्मा एकच. तो तिच्या नाकावर होता, त्यामुळं माझ्या मेथीत गवत चाललं होतं.

"अहो, ते काय टाकलंत भाजीत? काडी हाय ती."

"मला दिसंना. चष्मा दे."

"चष्मा मला लागतोय. तुम्ही सांगा, मी लिहिते. आणि हळू सांगा. ती सांगते तसं."

ती म्हणजे आमच्या गल्लीतली दहावीची पोरगी. तिला जन्मापासून दिसत नाही. परीक्षेत ती तोंडानं उत्तर सांगायची आणि माझी बायको ते लिहायची. शाळेत या कामाला लेखनिक म्हणतात. परवावर पूर्वपरीक्षेचा मराठीचा पेपर आला होता, म्हणून घरात सराव चालला होता. सरावात ती पोरगी म्हणजे मी. निबंधाचा विषय बायकोनंच दिला होता, पाण्याचं महत्त्व.

मी सुरू केलं. पाणी फार महत्त्वाचं आहे. पाण्याशिवाय कांदा होत नाही. पाण्याशिवाय चहासुद्धा होत नाही. अगं, चहा टाक की.

तिनं सगळं लिहिलं आणि वाचून दाखवलं. "पाण्याशिवाय चहासुद्धा होत नाही. अगं, चहा टाक की."

"हे कशाला लिहिलंस?"

"तुम्ही सांगितलं ते लिहिलं. लेखनिकानं स्वतःचं डोकं लावायचं नसतं."

"मग चहाचं काय?"

"तुम्ही टाका. मी परीक्षेत हाय."

चहा मी टाकला. जेवताना ती काडी नेमकी तिच्याच घासात आली. तिनं ती मला दाखवली आणि ताटाच्या कडेला ठेवली. दुसऱ्या दिवशी मी जागा झालो तेव्हा ती उठलेली नव्हती. माझ्या आधी ती उठली नाही असं लग्नापासून कधी झालं नव्हतं, त्यामुळं हाक मारायच्या आधीच मला कळलं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. डॉक्टर सगळ्यांना तसंच सांगत असावेत, पण मी मानून घेतलं.

त्या दिवसाचं पुढं सांगतो. आधी हे सांगायला पाहिजे, की सातवी शिकलेली बाई हायस्कुलात पेपर लिहायला गेली कशी.

मी टेम्पो चालवायचो. पिंपळगावहून द्राक्षाच्या पेट्या, नाहीतर कांदा. ती तिथंच पॅकहाऊसमध्ये होती, घडातले खराब मणी कात्रीनं काढायची. पोरबाळ नाही. माझे गुडघे गेले तसा टेम्पो सोडला आणि नाशकात एका सोसायटीवर रखवालदार म्हणून लागलो. गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला, एका शाळेच्या मागच्या गल्लीत खोली घेतली. शाळेची घंटा आमच्या खाटेवर ऐकू यायची. बायको त्या घंटेच्या वेळेवर कुकर लावायची.

ती पोरगी नववीत होती तेव्हाची गोष्ट. एका दुपारी शाळेतल्या एक मॅडम गल्लीत आल्या. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्यांची अक्षरं उलटसुलट होतात, अशा पोरांचं बघायचं काम त्यांच्याकडं. गल्लीच्या मधोमध उभं राहून त्यांनी विचारलं, "इथं दहावी न झालेलं कोणी आहे का?"

गल्ली एवढी गप झालेली मी कधी पाहिली नव्हती. मग एकदम सगळे बोलायला लागले. समोरची म्हणाली, माझं बीए झालंय, फक्त इंग्रजी राहिलंय. तिच्या सासूनं सांगितलं, आमच्या घरात दहावीच्या खाली कोणी नाही, आणि स्वतः आत निघून गेली. शेजारचा म्हातारा, जो माझ्याकडून पेपर वाचून घ्यायचा, तो म्हणाला, माझी सर्टिफिकेटं गावाला आहेत.

मॅडम हसल्या आणि नीट समजावून सांगायला लागल्या. लेखनिक हा परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला लागतो. जास्त शिकलेला बसवला तर तोच उत्तरं लिहून टाकील. बोर्डाच्या परीक्षेला खालच्या वर्गातली एखादी मुलगी मिळते. पण शाळेच्या परीक्षा सगळ्या वर्गांच्या एकदमच असतात, खालची पोरं आपापल्या पेपरला बसलेली. मग हिचा पेपर लिहायचा कोणी?

माझ्या बायकोनं हात वर केला. वर्गात करतात तसा, सरळ.

"मी सातवी. गावात पुढं शाळा नव्हती. अक्षर चांगलं हाय."

"आणि काका, तुम्ही?"

"मी चौथी. माझं अक्षर डॉक्टरसारखं हाय."

"म्हणजे मेडिकलवाल्यालाच वाचता येतं," बायको म्हणाली.

संध्याकाळी भाकरी थापताना ती मला म्हणाली, "जन्मभर लोक म्हणाले, सातवीच ना? आता बघा. सातवीच पाहिजे म्हणून दारात आले. दहावी झाली असती तर हुकलं असतं."

पहिला पेपर प्रयोगशाळेत झाला. वर्गात बोलून उत्तरं सांगितली तर बाकीच्यांना त्रास होतो, म्हणून हिला वेगळी खोली. प्रयोगशाळेत एक माणसाचा सांगाडा होता, खुंटीला टांगलेला. बायको दारातच थांबली. "मी या बाबासमोर बसायची नाही." मग तिनं अंगावरची शाल काढली आणि त्याच्या खांद्यावर घातली, निदान बरगड्या तरी दिसणार नाहीत. पोरीनं हातानं चाचपून बघितलं.

"मावशी, याला शाल दिली?"

"दिली."

"सत्कार केला का? नारळ राहिला की मग."

तिथून दोघींची गट्टी. पण कामात बायकोची गडबड व्हायची. सांगितलं तेवढं लिहायचं म्हणजे तिच्या लेखी सगळंच लिहायचं. पोरगी मध्येच म्हणाली, "थांबा मावशी, ते नको, खोडा." बायकोनं लिहिलं, थांबा मावशी ते नको खोडा. तपासणाऱ्या सरांनी त्याखाली लाल शाईनं लिहिलं, 'मावशींना नमस्कार, पण गुण देता येत नाहीत.'

ते ती शिकली. पण तिला खरं जड गेलं ते दुसरंच. भूगोलाचा पेपर होता. द्राक्षशेतीवर काहीतरी आलं होतं आणि पोरगी म्हणाली, "द्राक्षबागेची छाटणी वर्षातून एकदा करतात."

बायकोनं पेन खाली ठेवलं.

"लिहिलं का मावशी?"

तिनं पेनाला टोपण लावलं.

"मावशी?"

"मी नाय लिहायची. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरला की गोडी छाटणी. दोनदा करतात. मी माझ्या हातानं खोटं नाय लिहायची."

आवाज ऐकून पर्यवेक्षक सर आत आले. बायको त्यांनाच म्हणाली, "सर, तुम्ही सांगा हिला. दोनदा ना?" सरांनी कपाळाला हात लावला. "मावशी, अहो, हेच तर सांगायचं नसतं!"

पोरगी म्हणाली, "मावशी, मला चुकू द्या. चूक माझी आहे, तुमची नाही. आता दोनदा लिहिलं तर ती कॉपी. एकदाच लिहा."

बायकोनं लिहिलं. घरी आल्यावर तिला जेवण गोड लागेना. मला म्हणाली, "सगळा जन्म पिंपळगावात गेला आणि आज माझ्या हातानं मी बाग एकदाच छाटली." मी हसलो तर लाटणं उगारलं. पण जरा वेळानं स्वतःच म्हणाली, "पोरगी म्हणते ते बरोबर हाय. बाकीची पोरं चुकतात तेव्हा त्यांचा हात कोण धरतं? हिचाच काय म्हणून?"

हे तिच्या डोक्यात एकदा बसलं ते बसलं. पुढं दहावीत पोरीनं एक दिवस आमच्या पायरीवर बसून तक्रार केली. "पेपर सुटला की सगळे एकमेकांना विचारतात, तुला काय आलं, तुला काय आलं. मला जादा वेळ असतो. मी बाहेर येते तोवर सगळे घरी गेलेले. मी कोणाला विचारू, सांगाड्याला?" मग गाल फुगवून, "आणि वेगळ्या खोलीत मला कॉपी करायचासुद्धा चान्स नाही."

बायको उठली, पदर खोचला आणि मला म्हणाली, चला. आम्ही दोघं मुख्याध्यापिका बाईंसमोर जाऊन उभे. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "आजी, तिच्याच सोयीसाठी वेगळी खोली दिलीय."

"तिची सोय तिला विचारून करा की."

बाईंनी पोरीला बोलावलं, विचारलं. आणि पुढच्या चाचणीला वर्गात, मागच्या कोपऱ्यात, हळू आवाजात, असं करून बघायचं ठरलं.

हळू आवाज म्हणजे कसला हळू. माझी बायको जन्मभर पॅकहाऊसच्या मशीनच्या आवाजावर बोललेली. प्रश्न वाचला की तिसऱ्या बाकापर्यंत जायचा, आणि उत्तर सांगायला पोरगीही तिच्याच आवाजाची झालेली. पेपर तपासले तेव्हा मागच्या बाकांवरच्या झाडून सगळ्या पोरांनी इतिहासाचं एक उत्तर अगदी शब्दाला शब्द सारखं चुकवलेलं निघालं. बाईंनी आम्हाला पुन्हा बोलावलं. रागावायचं ठरवलं होतं त्यांनी, पण हसू दाबता येईना.

पोरगी मात्र उड्या मारत आली. "काका, माझी कॉपी केली त्यांनी! आजपर्यंत माझी कोणी कॉपी केली नव्हती." बायकोनं त्या दिवशी शिरा केला. चुकीच्या उत्तरावर शिरा खाल्लेली ही एकच पोरगी असेल. पुन्हा प्रयोगशाळेत पाठवणार की काय म्हणून आम्ही धाकात होतो, पण बाई म्हणाल्या, पूर्वपरीक्षेला वर्गातच, पण पुढं, दाराजवळ. आणि मागच्या पोरांना लांब ठेवू.

आता त्या दिवसाचं.

धाकटा भाऊ गावाहून आला, भावकी आली. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. संध्याकाळी खोलीत आणि बाहेर पायरीवर माणसं बसली होती. मला रडायचं होतं, पण सगळे माझ्याकडं बघत होते, की आता हा रडेल. अशानं रडू येत नाही. मी आपला कोपऱ्यातल्या मेथीच्या उरलेल्या जुडीकडं बघत बसलो. शेजारणीनं डाळभात आणला होता. सुतकात घरात चूल पेटत नाही. त्यामुळं ती मेथी तशीच राहिली.

पोरगी तिच्या आईबरोबर आली. त्यांच्या मागून मॅडम. पोरगी हातानं भिंत चाचपत माझ्याजवळ येऊन बसली. मॅडम हळू आवाजात तिच्या आईला म्हणाल्या, "उद्याची काळजी करू नका. आम्ही तिला पूर्वपरीक्षेतून सूट देऊ. सहामाहीचे गुण धरू. तिनं घरीच थांबावं, मनाला त्रास नको."

प्रेमानंच म्हणत होत्या. पण पोरीनं मान वर केली.

"मला सूट नको. मला पेपर पाहिजे."

"अगं, गप," आई म्हणाली. "ही वेळ आहे का?"

"सगळे वर्गात आणि मी घरी. मग बोर्डाला एकदम जाऊन बसू? मला नापास करा हवं तर, पण पेपर घेऊन करा." एवढं बोलून तिला रडायला आलं. आणि मग माझ्या लक्षात आलं, की घरातल्या सगळ्या माणसांत माझ्या बायकोचं म्हणणं पुढं चालवणारी ही एकटीच आहे. बाकी सगळे तिच्यासाठी रडत होते, ही तिच्यासारखी भांडत होती.

मी मॅडमना विचारलं, "चौथी चालंल का?"

मॅडमना आधी समजलंच नाही.

"दहावीपेक्षा कमी पाहिजे ना? मी लय कमी हाय."

भाऊ पुढं आला. "दादा, डोकं फिरलंय का? सुतक हाय. दहा दिवस कुठं जायचं नाय, कोणाला शिवायचं नाय. आणि राख सावडायची हाय."

"राख परवा. पेपर उद्या."

"लोक काय म्हणतील?"

"त्यांना सांग, म्हातारा चौथी पास हाय, त्याला कळत नाय."

"पण सुतकात—"

"सुतकात देवळात जायचं नसतं. मी देवळात चाललोय का? पेपराचं कोणी सांगितलंय?"

भाऊ भावकीकडं बघायला लागला. भावकीत पेपराचं कोणालाच माहीत नव्हतं. मॅडम बाहेर जाऊन बाईंशी फोनवर बोलल्या. आत आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "काका, पण तुमचं लिहिणं... जमेल?"

पोरगीच मध्ये बोलली. "मावशी म्हणायच्या, घरी सरावाला काकाच असतात."

"सरावात मी तूच असतो," मी म्हणालो. "तरी बघू. तुला जादा वेळ मिळतो ना? मला तो सगळा लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड पाण्यानं आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि सवयीनं विचारलं, "चष्मा कुठं ठेवलास?" मग मीच फळीवर बघितलं. तिनं घडी घालून ठेवला होता, डबीत, रुमालाखाली. मी डबीत कधी ठेवत नाही म्हणून ती रोज बोलायची. काचा पुसल्या, लावला. कोणी परत मागितला नाही.

शाळेच्या फाटकाशी पोरगी आईबरोबर उभी होती. माझ्या चपलांचा आवाज ओळखून तिनं हात पुढं केला. दिसत नसलेल्यांना हात धरून ओढायचं नसतं, आपलं कोपर द्यायचं असतं, हे बायकोनं मला शिकवलं होतं. पण मी मागं सरकलो.

"मला शिवू नको, पोरी. सुतक हाय. तुला आंघोळ करावी लागंल."

"बरं. तुम्ही पुढं व्हा. मी भिंतीला धडकत येते."

मी कोपर दिलं. दोन पावलं गेलो आणि ती थांबली. "काका, तुमचं कोपर फार वर आहे. मावशींचं खाली असायचं." मग मी सगळं मैदान वाकून चाललो. प्रयोगशाळा ओलांडली, सांगाडा दाराच्या फटीतून दिसला. बायकोची शाल अजून त्याच्याच अंगावर होती. शाळेतली पोरंच काढू देत नव्हती म्हणे.

वर्ग गप झाला. ती शांतता मला घरातल्यापेक्षा बरी वाटली, कारण इथं सगळे माझ्याकडं नाही, प्रश्नपत्रिकेकडं बघत होते. आम्ही पुढं, दाराजवळ बसलो. मी बोट ठेवून पहिला प्रश्न वाचला. एक ओळ वाचायला मला एवढा वेळ लागला, की शेजारच्या बाकावरच्या पोरीचा तो प्रश्न लिहूनही झाला.

माझ्या पोरीनं सांगायला सुरुवात केली. एक एक शब्द, मध्ये थांबून, माझं पेन थांबल्याचं कानानं ऐकून मग पुढचा. मी लिहीत गेलो. चूक की बरोबर, मला काय कळतंय. ती म्हणेल ते.

मागून कोणीतरी कुजबुजलं, "काका, जरा मोठ्यानं वाचा की."

"तुझं तू लिही," मी म्हणालो. वर्ग हसला. पर्यवेक्षक सर खिडकीबाहेर बघायला लागले.

तिचं उत्तर लांबत गेलं. पानाच्या खालपर्यंत आलो, माझं अक्षर मोठं, त्यामुळं लवकरच आलो. मी थांबलो. पेनाचा आवाज बंद झाला तशी ती सवयीनं म्हणाली, "मावशी, पुढचं पान."

आणि तिचं तिलाच कळलं.

मी पान उलटलं. म्हणालो, "सांग."